डोळ्यांतलं पाणी अन् वावराचा धुरा

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता)

मंडळीतल्यांना जय ख्रिस्त, बाकीच्यांना रामराम.

पंधरा दिवसांआधी आमच्या तालुक्याला तीन दिवसांच्या सुवार्ता सभा झाल्या. मंडप, कीबोर्ड, ढोलकी, बाहेरगावचे वक्ते. शेवटच्या रात्री "ज्याला सर्वस्व प्रभूला द्यायचं त्यानं पुढं यावं" असं आवाहन झालं अन् मी गेलो. गुडघ्यावर बसून लेकरासारखा रडलो. देखाव्यासाठी नाही रडलो, हे आधीच सांगून ठेवतो. घरी येताना बायको म्हणाली, तुमच्या बहिणीच्या पाठवणीलाही एवढे रडले नव्हते.

सोमवारी वावरात गेलो. माझं अन् चुलतभावाचं वावर लागून आहे, मधात धुरा, म्हणजे बांध. हा धुरा दरवर्षी थोडा थोडा त्याच्या अंगाला सरकत आला. बाबांनी सुरू केलं, मी चालू ठेवलं, सगळे मिळून बारा हंगाम. ट्रॅक्टरवाल्याला फक्त "धुऱ्याला घासून घे" म्हणायचं, तो समजतो. आमच्या लहानपणी एक बोर, म्हणजे बोराचं झाड, बरोबर धुऱ्यावर होती. आज ती माझ्या वावरात तीन फूट आत उभी आहे. बोर चालत आली नाही.

त्या बोरीपाशी उभा राहिलो तर डोळ्यांत एक थेंब नाही. डोक्यात पहिला विचार काय आला? की यंदा तूर उभी आहे, पुढच्या वर्षी पाहू.

मग मंडपात झालं ते काय होतं? प्रभूला सर्वस्व देणारा माणूस तीन फूट देऊ शकत नाही, तर त्या रडण्याला काय म्हणायचं? जाणकारांनी सांगावं. वचनं पाठ आहेत, ती नका सांगू. स्वतःचं काही असेल तर सांगा.

---

तिरकसबुवा

धाग्याचं नाव वाचून कविता असेल म्हणून आलो. जागा धरतो, शेंगदाणे आणलेत.

---

ढोलकीबडनेरा

भाऊ, मी वीस वर्षांपासून सभांमध्ये वाजवतो, त्यामुळे आरोप माझ्यावरच आहे असं धरून उत्तर देतो. 😀

लय कधी वाढवायची, कधी फक्त पेटी ठेवून ढोलकी थांबवायची, हे आम्हाला माहीत असतं. लोक कुठं रडणार हेही बरंचसं माहीत असतं. लपवत नाही. पण म्हणून ते रडणं खोटं ठरत नाही. बोर बारा वर्षांपासून आत आहे ना? मग सोमवारीच कशी दिसली? शनिवारी दिसली होती का?

नांगरल्याशिवाय पेरत नाही कोणी. रडणं नांगरट समजा. फक्त नांगरून वावर पडीक ठेवलं तर दोष नांगराचा नाही.

---

मेहकरचा_वाचक

वचनं नको म्हणालात तरी एक सांगतो, कारण ते थेट धुऱ्यावर आहे. अनुवाद २७:१७. शेजाऱ्याची मेर सरकवणारा शापित असो, आणि त्यावर सगळ्या लोकांनी "आमेन" म्हणायचं आहे. आपण सभेत प्रत्येक वाक्याला आमेन म्हणतो. हा अध्याय वाचून मोठ्यानं आमेन म्हणवून घेणारा वक्ता मी अजून पाहिला नाही. आमच्या बुलढाण्याकडच्या गावात तसं केलं तर अर्धा मंडप रिकामा होईल.

दुसरं, १ शमुवेल १५. शत्रूची जनावरं ठेवू नको अशी आज्ञा असून शौल राजा म्हणतो, मी देवाची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरं कसली ओरडताहेत? राजा म्हणतो, ती यज्ञासाठी ठेवलीत. तिथेच ते प्रसिद्ध उत्तर आहे, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. तुमची बोर म्हणजे ते मेंढरांचं ओरडणं.

---

काळीमाती

मेहकरकर, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. त्या अध्यायात शौलाला मिळालेली आज्ञा अमालेकी लोकांना बायकालेकरांसकट मारायची होती. ज्याला ते वाचून काही वाटत नाही त्याच्याशी आज्ञापालनावर काय बोलायचं?

आणि हा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो. आज्ञापालन हा शब्द मी लहानपणापासून फक्त बायकांच्या सभेत ऐकला. नवऱ्याच्या अधीन राहा, पाळकाचं ऐका, सासूला उलटून बोलू नका. पुरुषांच्या सभेत तोच वक्ता "आशीर्वादाचे सात मार्ग" शिकवायचा. माझ्या एका नातेवाईक बाईनं दारुड्या नवऱ्याचा मार "क्रूस उचल" म्हणून अकरा वर्षं खाल्ला. तिला ते सांगणारा माणूस मंडळीत पहिल्या रांगेत बसायचा.

पऱ्हाटीवाला, तुमचं वेगळं आहे. तुम्ही घेतलेलं परत द्यायचं आहे. पण "मनापासून आज्ञा पाळा" हे वाक्य कोण कोणाला सांगतंय ते आधी बघत जा.

---

तिरकसबुवा

शेंगदाणे बाजूला ठेवले. ताई, पटलं.

---

मुक्कामपोस्ट_दर्यापूर

मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला आहे. पण धागा आमच्या गावचाच वाटून राह्यला.

आमच्याकडे सप्ता असते. काल्याच्या कीर्तनाला गावातला प्रत्येक माणूस डोळे पुसते. त्याच दिवशी संध्याकाळी पाण्याच्या पाळीवरून दोघांनी एकमेकांची कॉलर धरलेली मी पाहिली. बुक्का अजून कपाळावर होता. म्हणजे हा रोग तुमच्याच मंडपातला नाही.

आमच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा म्हणून वेगळे वाटते. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तन. आधी भाव आणि मग काम, असा क्रमच नव्हता त्या माणसाचा.

---

निवृत्त_सिस्टर

मी एका मिशन दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं होते, त्यातली नऊ कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात. कुठला दवाखाना ते महत्त्वाचं नाही.

सकाळी सातला ड्रेसिंग सुरू व्हायचं. तळपायाच्या जखमा धुवायच्या, मेलेली कातडी काढायची, पट्टी बांधायची. त्याआधी पाच मिनिटं प्रार्थना. नवीन असताना वाटायचं, प्रार्थनेत प्रीती भरून येईल आणि मग जखमेचा वास येणार नाही. वास येतच राहिला. नऊ वर्षांत बहुतेक दिवशी मला प्रीती वगैरे काही वाटत नव्हतं, कंबर दुखत होती एवढं खरं.

एक म्हातारे बाबा होते. हाताला संवेदना नाही. गरम चहाचा स्टीलचा ग्लास धरायचे आणि भाजलेलं त्यांना कळायचंच नाही, दुसऱ्या दिवशी फोड. मी जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून ग्लासाला गुंडाळून शिवल्या. त्यात मोठं काही नव्हतं, फोडांचं ड्रेसिंग रोज मलाच करावं लागत होतं. काही महिन्यांनी मी रजेवरून आले तर ते सगळ्यांना तो ग्लास दाखवत होते, "हे माह्या पोरीनं शिवलं." त्या दिवशी मात्र मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. मंडप नव्हता, पेटी नव्हती.

ढोलकीवाले भाऊ म्हणतात रडणं म्हणजे नांगरट. माझ्या बाबतीत ते पीक निघाल्यावर आलं. दोन्ही होत असेल.

---

ढोलकीबडनेरा

सिस्टर, 🙏. पुढच्या सभेत ढोलकी थांबवताना ग्लास आठवेल.

---

संत्रागल्ली

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं. मुली तासन्‌तास रडत, मोठ्यानं प्रार्थना करत, पापं कबूल करत. त्याच्या बातम्या दूर देशांपर्यंत गेल्या. पण रमाबाई त्याआधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, आपल्याच मध्य प्रांताकडे येऊन उपाशी मुलींना घेऊन गेल्या होत्या. आणि संजीवनानंतर काय केलं? हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, १९२२ मध्ये वारल्या तोपर्यंत. संजीवनाच्या आधी खिचडी आणि नंतर शब्दकोश.

नारायण वामन टिळकांचंही तसंच. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला. वाचून मन हललं असेल, पण बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, मुंबईला, आणि त्यापायी घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई कितीतरी वर्षं वेगळ्या राहिल्या. गाडीत बसल्या बसल्या भारावणं फुकट होतं, पुढचं नव्हतं.

---

मेहकरचा_वाचक

आमच्या वाशिम-बुलढाणा पट्ट्यात नाझरीन मंडळी, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट. दोघांची मुळं मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीकडे जातात. वेस्लीचं हृदय १७३८ च्या मे महिन्यात एका सभेत "विलक्षण ऊबदार" झालं, हे प्रत्येक उपदेशात येतं. पुढच्या काही महिन्यांच्या रोजनिशीत तोच वेस्ली आपण ख्रिस्ती तरी आहोत का म्हणून कुरकुरतो, हे कोणी सांगत नाही. ऊब टिकली नाही, प्रचाराचे दौरे मात्र पन्नास वर्षं चालले.

काळीमाती ताई, अमालेकबद्दल तुमचं बरोबर. ती गोष्ट मला नीट सोडवता येत नाही. संदर्भ अर्धा द्यायला नको होता.

---

तिरकसबुवा

विदर्भात मंडळ्या इतक्या की अकोला-खामगावला अलायन्स, नागपूर-वर्ध्याला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), वाशिमला नाझरीन. सगळ्यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर आहे, सभेच्या तिसऱ्या दिवशीचं जेवण. पऱ्हाटीवाला, वडा-भात होता का?

---

पऱ्हाटीवाला

होता. वरून फोडणीचं तेलही होतं. तिसरा वडा घेताना आवाहनाची आठवण झाली नाही, कबूल.

---

गावचा_पाळक

मी एका छोट्या मंडळीचा पाळक आहे. सतरा घरं, त्यातली बारा मजुरांची.

काळीमाती ताईंना आधी. इफिसकरांस पत्रात "पत्नींनो, अधीन असा" हे पाचव्या अध्यायाचं बाविसावं वचन. त्याच्या आधीचं एकविसावं, एकमेकांच्या अधीन असा. आम्ही पाळक लोक वाचन बावीसपासून सुरू करतो. मीही केलंय, लग्नात. आणि प्रेषित धर्मसभेपुढं उभे राहून म्हणाले होते की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. त्या बाईला ते कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

आता धागाकर्त्याला. धुरा मागं सरकवून तारण मिळत नाही, ते कृपेनं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याच उताऱ्यात, इफिस २ मध्ये, दहावं वचन लगेच म्हणतं की आपल्याला चांगल्या कामांसाठीच घडवलं आहे. मत्तय २१ मधले दोन पोरं आठवा. बाप म्हणतो, मळ्यात जा. एक म्हणतो जात नाही, आणि मग जातो. दुसरा म्हणतो, जातो बाबा, आणि जात नाही. येशू दुसऱ्याला ढोंगी म्हणत नाही, नुसतं विचारतो, बापाच्या इच्छेप्रमाणं कोणी केलं? तुम्ही मंडपात "जातो बाबा" म्हटलं. मनापासून म्हटलं. मळा अजून तिथेच आहे.

आणि माझं स्वतःचं, कारण तुम्ही ते मागितलं. आमच्या मंडळीत एक जण धान्याचा व्यापार करायचा. काटा मारतो हे सगळ्या गावाला माहीत. दशांश मात्र दर महिन्याला, पाकिटात, वेळेवर. मंडळीचं छप्पर त्याच्या पैशातून झालं. मी सात वर्षांत नीतिसूत्रे ११:१ वर, खोट्या तागडीवर, एकदाही बोललो नाही. पाऊस आला की त्या पत्र्याचा आवाज फार होतो.

---

जिनिंगचा_मुनीम

पाळकसाहेब, काट्याचं बोललात म्हणून आलो, नाही तर मी नुसता वाचणारा.

कापसाच्या हंगामात मीच काट्यावर बसतो. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ वर गेला की माल परत. खेडा खरेदीवाला मीटरच आणत नाही. मूठभर कापूस हातात दाबते, "ओला आहे भाऊ" म्हणते, अन् क्विंटलमागं दोन-तीन किलो उडवते. कास्तकारही हुशार, पहाटे दव असताना वेचून आणते. दोघंही रविवारी एकाच बाकावर दिसतात.

पऱ्हाटीवाला, तुमचा हिशेब करून देतो, तो तरी आपला धंदा आहे. धुरा किती लांब?

---

पऱ्हाटीवाला

६६० फूट.

---

जिनिंगचा_मुनीम

६६० गुणिले ३ म्हणजे १,९८० चौरस फूट. गुंठा १,०८९ चा, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांच्या जरा वर. एकरी ७ क्विंटल कापूस धरला तर या पट्ट्यात वर्षाला ३२ किलोच्या आत-बाहेर. पण पट्टा हळूहळू वाढला, म्हणून सरासरी निम्मा, १६ किलो. बारा हंगामांचे १९२ किलो. तुरीचं सोडलं.

लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणणाऱ्या बायबलातल्या जक्कयाच्या हिशेबानं चौपट, म्हणजे पावणेआठ क्विंटलला थोडं कमी.

---

मेहकरचा_वाचक

जक्कयानं चौपट स्वतःहून कबूल केलं होतं. मोशेच्या नियमशास्त्रात, गणना ५:७ प्रमाणे, आपण होऊन कबूल करणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे १९२ अधिक ३८, २३० किलो.

---

तिरकसबुवा

वाटाघाटी सुरू झाल्या. मोशेकडे सूट मिळाली.

---

काळीमाती

हिशेब चांगला आहे, पण सगळे त्या कापसाभोवतीच फिरताय. तो चुलतभाऊ कोण आहे, काय म्हणतो, हे कोणी विचारलंच नाही.

---

पऱ्हाटीवाला

ताई, तेच सांगायचं टाळत होतो.

भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. लहानपणी त्याच बोरीखाली आम्ही दोघं संडे स्कूलची वचनं पाठ करायचो, ज्याचं आधी होईल त्याला वरची बोरं. तो आता मंडळीत येत नाही. दहा वर्षं झाली. आम्ही घरात म्हणायचो, तो थंड पडला, त्याच्यासाठी प्रार्थना करा. माझी आई दर शुक्रवारी उपास करते त्याच्यासाठी.

माझे बाबा मंडळीचे खजिनदार होते. दर रविवारी अर्पणाची थैली तेच फिरवायचे.

एवढं लिहून थांबतो. उद्या जातो त्याच्याकडे.

---

निवृत्त_सिस्टर

जा. रिकाम्या हातानं जाऊ नका, पण मिठाईही नेऊ नका. टेप न्या.

---

तिरकसबुवा

चार दिवस झाले. धागाकर्ता कुठे?

---

पऱ्हाटीवाला

आहे, आहे. गावात रेंजची बोंब.

गेलो. भावानं बाजेवर बसवलं, चहा केला. मी टेप बाहेर काढला अन् सगळं सांगितलं, बोरीसकट. रडायला येईल वाटलं होतं, आलं नाही, आवाज मात्र चिरकत होता. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काय पायजे तुले? कर्जाले जामीन पायजे का पाइपलाइन न्याची हाय माह्या वावरातून?"

अर्धा तास समजावलं की काही नको. त्याला पटत नव्हतं. वहिनी आतून म्हणाली, "सभेतून आले असतील. आठ दिवसांनी उतरते." तिचं चूक नाही. पहिल्या दोन सभांनंतर उतरलंच होतं.

मग मी म्हटलं, चाल वावरात. गेलो. टेप धरला. त्यानं स्वतः दोनदा मोजलं. तीन फूट नाही निघालं, तीन फूट चार इंच निघालं. मुनीमभाऊ, तुमचा हिशेब वाढला.

---

जिनिंगचा_मुनीम

चालते. नवीन बिल काढतो.

---

मुक्कामपोस्ट_दर्यापूर

दोघांचं एकमत असलं तर धुरा आपसात बांधून घ्या. पण पुढं लेकरं भांडू नये म्हणून भूमी अभिलेखकडून एकदा मोजणी करून दगड रोवून घ्या. आम्ही नाही घेतले अन् अजून तारखा करून राह्यलो.

---

गावचा_पाळक

तो मंडळीत यायचं काही बोलला का?

---

काळीमाती

पाळकसाहेब, लगेच?

---

गावचा_पाळक

माघार. सवय.

---

पऱ्हाटीवाला

नाही बोलला, मीही विचारलं नाही. मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीनं करायचं ठरलं. कापसाचं म्हटलं तर म्हणाला, "कापूस ठेव तुह्यापाशी, त्या पट्ट्यातल्या तुरीचं बोल." म्हटलं, तूर तुझी. तर म्हणे, "मंग कापून कोण देईन?" शनिवारी पहाटे सवंगणीला जातोय, विळा आजच घासून ठेवला. त्यानं एक विळा जास्तीचा आणतो म्हटलं. स्वतःसाठी की मजुरासाठी, ते नाही सांगितलं.

---

तिरकसबुवा

आणि बोर?

---

पऱ्हाटीवाला

बोर पुन्हा धुऱ्यावर येते. म्हणजे बोरं अर्धी त्याची. यंदा लदली आहे, अन् हे बायकोला अजून सांगितलं नाही.